गिअर पडत नाही, तेव्हा आधी कुठे पाहायचं?

मागच्या व्याख्यानात आपण इंजिन सुरूच न होण्याच्या तक्रारी पाहिल्या. आज त्याच्या पुढची पायरी. इंजिन सुरू आहे, आवाजही चांगला आहे, पण लिव्हर पुढे टाकली तरी होडी जागची हलत नाही. किंवा हलते, पण लिव्हर मधे आणली तरी थांबत नाही. किंवा पुढे मजेत जाते आणि मागे घ्यायची वेळ आली की नुसती करकर. मालवणकडे तक्रार तीन शब्दांत येते, 'गिअर पडना नाय'. त्या तीन शब्दांच्या मागे डझनभर कारणं असू शकतात, आणि त्यातली बरीचशी गिअरमध्ये नसतातच. आजचं सगळं बोलणं त्याभोवतीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू, म्हणजे एवढा वेळ या विषयाला का द्यायचा ते कळेल. रस्त्यावर गाडीचा गिअर अडकला तर आपण क्लच दाबतो, ब्रेक मारतो, बाजूला घेतो. होडीला ब्रेक नाही. रिव्हर्स गिअर हाच होडीचा ब्रेक. धक्क्याला लागताना होडी पाण्यावर घसरत येत असते, शेवटच्या दहा-वीस फुटांत चालवणारा रिव्हर्स टाकतो आणि त्या भरवशावरच तो इतक्या जवळ आलेला असतो. तिथे रिव्हर्स पडला नाही तर पुढे उभा असलेला खलाशी सवयीने काय करतो? पाय पुढे करतो. भरलेली होडी आणि दगडी धक्का यांच्यामध्ये पाय. दुसरी बाजू न्यूट्रलची. तारकर्ली, मालवणला स्नॉर्केलिंगची माणसं शिडीवरून पाण्यात उतरतात, पंख्यापासून काही हातांवर. लिव्हर न्यूट्रलवर दिसते, पण खाली पंखा हळूहळू फिरतोच आहे, असं झालं तर? म्हणून 'चालतंय तोवर चालवू' हा हिशेब इतर बिघाडांत एक वेळ खपेल, गिअरमध्ये नाही.

आता आतली रचना. आम्ही आज मुख्यतः आउटबोर्डबद्दल बोलणार आहोत, म्हणजे होडीच्या मागे टांगलेली मोटर. डिझेल इंजिनाच्या ट्रॉलरचा गिअरबॉक्स वेगळा असतो, त्याकडे शेवटी येऊ.

ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ च्या सुमारास आउटबोर्ड मोटर बाजारात आणली, तेव्हाच्या त्या मोटरींना आजच्यासारखी गिअरची भानगड नव्हती. आजही अगदी छोट्या, दोन-अडीच अश्वशक्तीच्या बऱ्याच मोटरींना रिव्हर्स नसतो. अख्खी मोटरच उलटी फिरवायची, पंखा पुढे येतो, होडी मागे जाते. मोठ्या मोटरीत हे शक्य नाही, म्हणून पाण्याखालच्या त्या नांगराच्या आकाराच्या भागात, गिअरकेसमध्ये, एक सुंदर युक्ती बसवलेली असते.

वरच्या इंजिनाकडून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला छोटं चाक, पिनियन. या पिनियनला पुढून एक आणि मागून एक अशी तिरप्या दात्यांची दोन चाकं कायम लागलेली असतात. कायम, हे लक्षात ठेवा. इंजिन चालू असेपर्यंत ती दोन्ही फिरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पण पंख्याच्या दांड्यावर ती मोकळी असतात, दांड्याला घेऊन फिरत नाहीत. दोघांच्या मधे एक कडं, त्याला दोन्ही बाजूंना जाड ठोकळ्यांसारखे दाते. हे कडं दांड्यावर मागेपुढे सरकतं, पण फिरायचं तर दांड्याला बरोबर घेऊनच फिरतं. यालाच डॉग क्लच म्हणतात. कडं पुढच्या चाकात अडकलं की होडी पुढे, मागच्या चाकात अडकलं की मागे, मधे राहिलं की न्यूट्रल.

म्हणजे गाडीसारखा घासून हळूहळू पकडणारा क्लच इथे नाही. एक तर अडकलं, नाही तर सुटलं. बहुतेक आउटबोर्डमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची साधारण एक फेरी पडते. इंजिन आयडलवर मिनिटाला ७०० फेऱ्या घेत असेल तर खालचं चाक मिनिटाला साडेतीनशे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सहा फेऱ्या घेतं. त्या फिरत्या चाकाच्या खाचेत स्थिर कड्याचे दाते घुसवायचे आहेत. यातूनच लिव्हर टाकायची पद्धत ठरते. आयडलवर या, क्षणभर थांबा, आणि मग लिव्हर एका दमात, ठामपणे टाका. 'खट्' असा एकच आवाज यायला हवा.

नवी माणसं नेमकं उलटं करतात. यंत्राला दुखू नये म्हणून लिव्हर अगदी प्रेमाने, हळूहळू सरकवतात. करकर, करकर. त्या करकरीत दात्यांच्या कडा घासल्या जात असतात. यंत्राची काळजी घ्यायची म्हणून केलेली ही हळुवार चालच यंत्राला सगळ्यात जास्त खाते, हे पटायला लोकांना वेळ लागतो. आणि दुसरी चूक म्हणजे थंड इंजिन रेस करून ठेवलेलं असताना गिअर टाकणं. १५०० फेऱ्यांवर टाकलात तर तोच धक्का दुप्पट वेगाने बसतो.

एक खोटी तक्रारही इथेच निकालात काढू. किनाऱ्यावर इंजिन बंद आहे, कोणीतरी लिव्हर ढकलून पाहतो, ती जात नाही, आणि घबराट. बंद इंजिनात कड्याचे दाते आणि चाकाचे दाते समोरासमोर येऊन टेकलेले असू शकतात. पंखा हाताने थोडा फिरवला की वाट मिळते आणि गिअर पडतो. हा बिघाड नाही. मात्र पंख्याला हात लावण्याआधी किल्ली काढलेली, मनगटाला बांधायची ती किल स्विचची दोरी सुटी केलेली, आणि दोरी ओढून सुरू होणारी मोटर असेल तर स्पार्क प्लगच्या टोप्याही काढलेल्या हव्यात. गिअरमध्ये असताना पंखा फिरवणं म्हणजे इंजिनच फिरवणं, आणि मॅग्नेटोवर चालणारं इंजिन तेवढ्यानेही ठिणगी टाकू शकतं.

आता बिघाड शोधायला घेऊ.

आपल्याकडे या तक्रारींचा एक मोसम असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात बाहेर काढलेल्या. दोन-अडीच महिने मोटर झाकून उभी. मग नारळी पौर्णिमेच्या आगेमागे सगळे एकदम सुरू करायला जातात आणि लिव्हर दगडासारखी घट्ट. मोटरीला काय झालं? बहुतेक वेळा मोटरीला काहीच झालेलं नसतं. लिव्हरपासून मोटरीपर्यंत जी केबल जाते, तिच्या आवरणाला कुठेतरी चीर पडलेली असते, त्यातून खारं पाणी आत गेलेलं असतं, आणि आतली तार गंजून आवरणाला चिकटलेली असते.

इथे माणूस दोन गोष्टींपैकी एक करतो. एक, जोर लावतो. दोन, 'गिअर गेला' असं ठरवून गिअरकेस खोलायला देतो. दोन्ही चूक. गिअरकेस खोलण्याआधी दहा मिनिटांची एक तपासणी करायची. हातापासून पंख्यापर्यंत साखळी आहे: लिव्हर, तिचा डबा, केबल, मोटरीवरचा आडवा हात, खाली जाणारा शिफ्ट रॉड, कडं, चाकं, पंखा. ही साखळी मधेच तोडायची. मोटरीचं झाकण काढा, केबलचं टोक जिथे मोटरीच्या हाताला जोडलेलं आहे तिथली पिन काढा, केबल सुटी करा.

आता केबल सुटी असताना लिव्हर हलवून पाहा. अजूनही घट्ट आहे? मग दोष केबलमध्ये किंवा लिव्हरच्या डब्यात, खालचा गिअरकेस निर्दोष. लिव्हर सैल झाली? मग मोटरीवरचा तो हात बोटांनी हलवा, दुसऱ्या माणसाला पंखा सावकाश फिरवायला सांगा. हात पुढे, मधे, मागे असा तीन जागी स्पष्ट बसतो का? न्यूट्रलला पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरायला हवा. रिव्हर्सला तो इंजिनाला जाऊन अडायला हवा. फॉरवर्डलाही अडायला हवा, पण काही मोटरींत एका दिशेने तो टकटक करत फिरतो, ते रचनेतलंच आहे. एवढं सगळं नीट झालं तर गिअरकेसला हात लावायचं कारण उरत नाही. साखळीचा अर्धा भाग एका पिनेने निकालात निघाला.

केबल घट्ट निघाली तर ती बदलायची. तिच्यात तेल सोडून, डिझेल सोडून, रात्रभर टांगून ठेवून ती सुटते, हे खरं आहे. आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा धरते, हेही खरं आहे, आणि ती कुठे धरेल ते आपल्या हातात नसतं. त्यामुळे असं सोडवलेल्या केबलवर धक्क्यापर्यंत एक वेळ या, प्रवासी घेऊन जाऊ नका. नवी घालताना लांबी नीट मोजा. आखूड केबल सरळ मोटरीत चालते आणि सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवलं की ताणली जाते. 'डावीकडे वळताना गिअर सुटतो' अशी विचित्र तक्रार आली तर आम्ही पहिल्यांदा तेच पाहतो. आणि वळणं मोठी ठेवा, वीतभर त्रिज्येपेक्षा आवळून केबल वळवू नये.

केबल सैल आहे, हात सैल आहे, तरी एक बाजू नीट पडत नाही, तेव्हा जुळणी पाहायची. केबलच्या टोकाला आटे असलेला तुकडा असतो, तो फिरवून तिची लांबी कमीजास्त होते. लिव्हर बरोबर मधे असताना मोटरीचा हातही बरोबर मधे हवा. लिव्हर पुढे जितक्या अंशांवर पकडते, मागेही साधारण तितक्याच अंशांवर पकडायला हवी. पुढे लगेच पकडते आणि मागे अगदी शेवटाला, म्हणजे केबल एका बाजूला सरकली आहे.

आता मुख्य मुद्दा. ही जुळणी थोडीशी चुकली तर काय होतं? कडं चाकात पूर्ण घुसत नाही. दात्याची पूर्ण उंची लागायला हवी तिथे निम्मीच लागते. होडी चालते. तक्रार नाही. पण सगळा भार त्या निम्म्या कडेवर. हळूहळू कड गोल होते. गोल झालेली कड भार आला की निसटते. निसटली की आणखी गोल होते. म्हणजे सुरुवात पिनेच्या आणि आट्याच्या दोषाने झाली, आणि शेवट कडं व चाक बदलण्यावर. आमच्या पाहण्यातले गिअरकेस बहुतेक असेच गेलेले आहेत. वरचा स्वस्त दोष खालचा महाग भाग खात राहतो, आणि जोर लावणारा हात त्याला जेवण वाढत राहतो. म्हणून लिव्हर जड झाली, उशिरा पकडू लागली, आवाज बदलला, ही तक्रार पहिल्या दिवसाची असते तेव्हा तिला काही किंमत पडत नाही.

मागून प्रश्न आला आहे. 'गिअर पडतो, पण रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतं, होडी जात नाही. हा गोल झालेल्या दात्यांचाच प्रकार का?' असू शकतो, पण इंजिन 'नुसतं ओरडण्याचे' तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते कानांनी ओळखता येतात.

दाते निसटत असतील तर आवाज एकसारखा नसतो. भार आला की धाड्कन सुटतं, इंजिन वर जातं, पुन्हा खट्कन पकडतं, पुन्हा सुटतं. लिव्हरलाही हिसके बसतात. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. तो आला की रेस सोडा, शक्यतो आयडलच्या जरा वरच राहून परत या.

दुसरा प्रकार पंख्याच्या आतल्या रबराचा. मोठ्या मोटरींच्या पंख्यात मधली नळी आणि बाहेरचा पातीचा भाग यांच्यात दाबून बसवलेलं रबर असतं, पंखा खडकाला लागला तर धक्का ते सोसतं. हे रबर जुनं झालं किंवा एखादा मोठा दणका बसला की ते भाराखाली घसरायला लागतं. इथे खटखट नाही. हळू चालवलं तर होडी अगदी शहाण्यासारखी जाते, रेस वाढवली की इंजिनाचा आवाज सरळ चढत जातो आणि होडीचा वेग तिथेच. खात्री करायची युक्ती सोपी आहे. पंखा कोरडा करून, मधल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत खडूने नाही, रंगाने किंवा खिळ्याच्या ओरखड्याने एक सरळ रेघ मारा. होडी चालवून या. रेघ तुटून दोन जागी दिसली तर रबर घसरलं. पंखा बदला किंवा त्यात रबर पुन्हा बसवून घ्या, गिअरला हात लावायचं कारण नाही. लहान मोटरींत रबराऐवजी आडवी पिन असते, दणका बसला की ती मुद्दामच तुटते. तिच्या जागी खिळा ठोकून घरी येणारे असतात. खिळा तुटत नाही, मग पुढच्या दगडाला दाते तुटतात.

तिसरा प्रकार, पंखा हवा ओढतो. मोटर जास्त वर उचललेली असेल, लाटेवर मागची बाजू उचलली जात असेल, तीव्र वळण असेल, तेव्हा पंख्याला पाण्याऐवजी फेस मिळतो. सरळ शांत पाण्यात, मोटर पूर्ण खाली घेतली की हे थांबतं. थांबलं तर गिअर ठीक. पंख्याला जाळं, प्लास्टिकची पिशवी, दोर गुंडाळला असेल तरी असंच काहीसं वाटतं, म्हणून वाकून पाहणं सगळ्यात आधी.

आणि एक चौथा, फक्त रिव्हर्समधला. लहान मोटरी हाताने उचलायच्या असतात, त्यांना रिव्हर्ससाठी खाली एक आकडा असतो. तो आकडा लागला नाही तर रिव्हर्समध्ये पंखा मोटरीलाच पाण्याबाहेर उचलतो. 'रिव्हर्स पडतो पण ओढत नाही' अशी तक्रार आली तर मोटर उचलली जाते का हे आधी पाहा.

आता गिअरकेसचं तेल. ते वर्षातून एकदा किंवा दर १०० तासांनी बदलावं असं बहुतेक मोटरींच्या पुस्तिकेत असतं. आमचं मत असं की बंदीच्या आधी, मोटर उभी करतानाच बदलावं. पाणी शिरलेलं असेल तर ते अडीच महिने आत बसून बेअरिंग गंजवणार नाही. खालचा स्क्रू काढा, मग वरचा, तेल स्वच्छ भांड्यात घ्या. काळपट तेल ठीक. चहात दूध पडल्यासारखं दुधाळ तेल म्हणजे पाणी. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर काळी बारीक पेस्ट दिसेल, ती झिजेची, चालायची. त्यात बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर दाते तुटलेले आहेत, पुढे चालवू नका.

पाणी येतं कुठून? पंख्याच्या दांड्यावरच्या सीलमधून, पुष्कळदा. आणि सील कापतो तंगूस. गळाची दोरी, जाळ्याचा धागा पंख्याच्या मागे दांड्याला गुंडाळत जातो, बाहेरून दिसतही नाही, आणि गरम होऊन सीलच्या ओठात शिरतो. पंखा महिन्यातून एकदा काढून मागे पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. या किनाऱ्यावर तर ते तेलापेक्षा महत्त्वाचं.

तेल भरताना ते खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा आत कोंडते आणि भरलंय असं वाटत राहतं. वरचा स्क्रू आधी लावा, म्हणजे खालची नळी काढून स्क्रू लावेपर्यंत तेल सांडत नाही. वॉशर नवे.

दोन गोष्टी घाईने सांगतो. बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ मारत नाही. लिव्हर खरोखर न्यूट्रलला आहे का? गिअरमध्ये असताना मोटर सुरू होऊ नये म्हणून एक स्विच असतो, जुळणी सरकली की न्यूट्रलमध्येही तो सुटाच राहतो. लिव्हर किंचित हलवून सेल्फ मारला, तर दोष बॅटरीचा नाही, गिअरच्या जुळणीचा. उलट, गिअरमध्ये असूनही मोटर सुरू होत असेल तर ती होडी तशीच माणसं घेऊन नेऊ नका. दुसरी गोष्ट, दुरुस्तीनंतर लगेच उद्भवलेली तक्रार. थंड पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र बदलायला गिअरकेस खाली उतरवावा लागतो, आणि तेव्हा शिफ्ट रॉड मधे सुटतो. परत चढवताना तो चुकीच्या जागी जोडला गेला तर लिव्हर न्यूट्रलला आणि होडी पुढे. 'कालच काम केलं, आज गिअर बिघडला', असं असेल तर कालच्या कामातच पाहा.

इंजिन आत आणि पाय बाहेर, अशा स्टर्नड्राइव्हच्या स्पीडबोटी आपल्याकडे कमी आहेत, पण त्यांची एक खास खोड आहे. गिअरमधून न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडतं. काही मॉडेलमध्ये दाते सुटावेत म्हणून एक स्विच क्षणभर ठिणगी तोडतो. केबल जड झाली की स्विच क्षणभराऐवजी दाबलेलाच राहतो आणि इंजिन मरतं. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. दोष केबलचा.

आता ट्रॉलर आणि मोठ्या डिझेल होड्या. इथे बहुतेक ठिकाणी तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स, आत घर्षणाच्या चकत्या. त्यामुळे इथली लक्षणं वेगळी. लिव्हर टाकली, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग पकडलं. किंवा सकाळी ठीक, तेल तापलं की घसरतं. पहिलं काम, तेलाची पातळी, त्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने. कारण काहींची इंजिन चालू असताना पाहायची असते, काहींची बंद. दुसरं काम पुन्हा केबलच. गिअरबॉक्सवरचा हात पूर्ण शेवटपर्यंत जायला हवा. तो थोडा अलीकडे थांबला तर चकत्यांना पूर्ण दाब मिळत नाही, त्या घसरतात, तापतात, जळतात. तिथेही तोच खेळ, वरच्या केबलचा दोष आणि खालच्या चकत्यांची राख. तेलाला जळका वास आला तर उशीर झालेला आहे.

आणि गिअर पडला, होडी हलत नाही, तर फळी उचलून दांडा फिरतो का ते दिव्याने पाहा, हात किंवा लुंगीचं टोक तिकडे न नेता. दांडा फिरत असेल तर गिअरबॉक्स ठीक, पुढे पंखा पाहा. फिरत नसेल तर जोडाचे बोल्ट आणि त्यातली चावी पाहा. काही गिअरबॉक्सना समुद्रात अडकल्यावर पुढचा क्लच स्क्रूने कायमचा आवळून घरी येण्याची सोय असते. आपल्या गिअरबॉक्सला ती आहे का, हे किनाऱ्यावर असताना शोधून ठेवा. पण ती वापरलीत तर न्यूट्रल आणि रिव्हर्स दोन्ही गेले, इंजिन सुरू केलं की होडी निघालीच. धक्क्यापासून बरंच दूर इंजिन बंद करून दुसऱ्या होडीची मदत घ्यायची.

तोच प्रश्न इथे एक ताई विचारतायत: 'धक्क्यावर येतानाच रिव्हर्स गेला तर काय करायचं?' सर्वांत आधी, रेस वाढवू नका. गोंधळलेला हात लिव्हर आणखी ओढतो, रिव्हर्स पडत नाही आणि रेस मात्र वाढते, आणि चुकून पुढचा गिअर लागलेला असेल तर होडी धक्क्यावर चढते. सुकाणू मोकळ्या पाण्याकडे वळवा, इंजिन बंद करा, नांगर टाका. माणसांना ओरडून सांगा, हातपाय आत. फेंडर किंवा टायर पुढे करा, पाय नाही. फळी मोडली तर सुतार आहे.

त्याहून बरी सवय म्हणजे आधीच पाहून घेणं. धक्क्यापासून शे-दीडशे फुटांवर, जागा असताना, एकदा न्यूट्रल, एकदा रिव्हर्स टाकून पाहायचं. होडीने मागे खेचल्याचं अंगाला जाणवलं की मग पुढे यायचं. जुने तांडेल हे न सांगता करतात, पाहणाऱ्याला वाटतं उगाच थांबले.

आणखी एक चिठ्ठी आहे. 'लिव्हर घट्ट झाली तर होडीवर काय ठेवावं?' एक पक्कड, केबलच्या टोकाच्या दोन-चार जादा स्प्लिट पिना, पंख्याची जादा पिन असलेली मोटर असेल तर ती, आणि वल्हं. केबल समुद्रात अडकली तर इंजिन बंद करून पिन काढा, मोटरीवरचा हात पकडीने पुढच्या गिअरला बसवा. सुरू होऊ न देणारा तो स्विच आता आडवा येईल, कारण गिअरमध्ये मोटर सुरू होत नाही. म्हणून हात न्यूट्रलला ठेवून इंजिन सुरू करायचं, आयडलवर ठेवायचं, आणि मग एका माणसाने झाकण काढलेल्या मोटरीशी बसून, फिरत्या चाकापासून बाही आणि केस दूर ठेवून, हात एका दमात पुढे टाकायचा. दुसऱ्याने सुकाणू धरायचं. शक्य असेल तर हे एकदा किनाऱ्याजवळ, शांत पाण्यात करून पाहा.

पुढच्या वेळी थंड पाण्याचा पंप आणि तापणारं इंजिन. ज्यांच्याकडे जुनं काढलेलं रबरी चक्र असेल त्यांनी घेऊन यावं, पाती कशी झिजतात ते हातात घेऊनच दाखवता येईल.